पिजन ब्लफची तेरा घरं

१

सकाळी सहाला ऑर्फा कटराइट ओरडली आणि मागच्या अंगणात कोंबड्या तळणाऱ्या बायकांचे झारे जागच्या जागी थांबले. ऑर्फा एरवी फारशी बोलायचीसुद्धा नाही.

"नकाशा गेला!"

जुन्या वस्तीकरांच्या मेळाव्याचा तो दिवस. दर सप्टेंबरात केल्सो गावच्या ह्या हॉलमध्ये सगळी जुनी घराणी जमतात, पोट फुटेस्तोवर जेवतात आणि कुणाचे आजोबा आधी आले ह्यावरून भांडतात. हॉलच्या समोरच्या भिंतीवर काचेच्या पेटीत पिजन ब्लफचा नकाशा असायचा. नदीकाठच्या टेकाडावरचं, ऐंशी वर्षांपूर्वी उजाड झालेलं गाव. ओंडक्यांची तेरा घरं, गिरणी, लोहाराची भट्टी. एसा लव्हलेडी नावाच्या शाळामास्तराने म्हातारपणी आठवून आठवून ते काढलं होतं, दारादारांतली माणसं, कोंबड्या, डुकरं ह्यांच्यासकट.

पुढे राज्याचा गव्हर्नर झालेला एफ्राइम लॅथ्रॉप विशीत अनवाणी आला तो ह्याच गावात. एका घराखाली मास्तरांनी लिहिलं होतं, 'इथे लॅथ्रॉपला दोन हिवाळे भाकर मिळाली.' त्या दारावरचं नाव होतं स्ट्राउड. दुसऱ्या घराखाली लिहिलं होतं, 'इथे ताप असताना त्याला दार बंद झाले.' त्या दारावर कटराइट.

१८९१ साली जज लायमन स्ट्राउड ह्यांनी आपल्या घरातला हा नकाशा वस्तीकरांच्या सोसायटीला भेट दिला. त्याआधी म्हातारी माणसं कुणी काही, कुणी काही सांगायची. नकाशा भिंतीला लागला आणि सगळ्यांची तोंडं मिटली. शाळेतल्या पोरांची मात्र उघडली:

दार लाव, दार लाव, कटराइट दार लाव!
बाहेर पोरगा कुडकुडतोय, खुशाल दार लाव!

तीस वर्षं झाली, गाणं अजून चालू होतं. आणि कटराइट घराण्यातली गावात उरलेली एकटी ऑर्फा त्याच हॉलची झाडलोट करायची, त्याच नकाशाची काच पुसायची. सोसायटीने हॉलमागचं लहानसं घर तिला राहायला दिलं होतं, त्याबद्दल तिने आभार मानत जगावं अशी सोसायटीची अपेक्षा होती.

ती ओरडली तेव्हा जज स्ट्राउड पायऱ्या चढून दारातून आतच येत होते. अंगात जाड काळा लोकरी कोट, कपाळावर घामाच्या धारा. त्यांनी रिकामी पेटी पाहिली, टोपी काढली.

"कुलूप फोडलेलं नाही," ते म्हणाले. "किल्लीने उघडलंय. किल्ली कुठे असते, बाई?"

"खिळ्याला. सगळ्यांना माहीत आहे."

"शेरीफ, आधी हिचं घर बघून या."

शेरीफ हॉकर गेला आणि दहा मिनिटांत परत आला. त्याच्या काळ्या झालेल्या बोटांत तळहाताएवढा जळका कागद होता. वर दिशा दाखवणारा बाण, आणि मास्तरांच्या अक्षरात 'पिजन ब्ल' एवढंच.

"चुलीत सापडला," तो म्हणाला. "हिच्या स्वयंपाकघरातल्या चुलीत."

२

"जेवणं झाली की तुरुंगात नेतो," शेरीफने जाहीर केलं. मेळाव्याची कोंबडी सोडून गुन्हेगाराला पोचवायला जाईल असा शेरीफ त्या जिल्ह्यात अजून निवडून आला नव्हता. ऑर्फाला त्याने कोठीच्या खोलीत कोंडलं आणि टेम्परन्स ओगलला हाक मारली.

टेम्परन्सला सगळे टेम्पी म्हणत. कोर्टातल्या जिल्हा दप्तराची ती दुय्यम कारकून. वय चाळीस, लग्न नाही, जीभ तिखट. खोटा कागद तिच्या हातून कधी गेला नव्हता, आणि त्यामुळे तिला मित्रही फार नव्हते.

"फिर्यादीचा कागद कर, टेम्पीबाई. जजसाहेब सही करतील. चोरी आणि जाळपोळ."

"करते. पण आधी विचारू दे."

"काय विचारायचंय? वासरू मेलंय, लांडगा समोर बसलाय."

"लांडग्याचं नाव कागदावर मला लिहायचंय, हॉकर. तुला नाही."

शेरीफने जजकडे पाहिलं. जज म्हणाले, "ओगलबाईंना सवय आहे. विचारू दे. बाराच्या गाडीने स्प्रिंगफील्डचे डेलाफील्ड येतायत, त्याच्या आत कागद तयार हवा."

डेलाफील्ड म्हणजे सरकारी तपासनीस. सरकार पिजन ब्लफ पुन्हा उभारणार होतं, आणि भाकर देणारं घर सर्वांत आधी. त्यावर पितळी पाटी लागणार होती.

कोठीत ऑर्फा पिठाच्या पिंपावर बसली होती. टेम्पीला बघून तिने मान फिरवली.

"तू कशाला आलीस? सगळे ओरडून दमले म्हणून तुला पाठवलं?"

"तू जाळलास का नकाशा?"

"नाही. जाळावासा वाटला होता, रोज. पुढचं लिही: रोज काच पुसताना थुंकावंसं वाटायचं, तेही केलं नाही. माझी आजी मरेपर्यंत सांगत होती, भाकर आम्ही दिली, दार त्यांनी लावलं. तिला वेडी ठरवलं तुम्ही."

"काल नकाशा शेवटचा कधी पाहिलास?"

"अंधार पडायच्या आधी. काच पुसली, घरी गेले. पहाटे पाचला इथे आले, चुली पेटवल्या. सहाला झाडू घेऊन आत गेले तर पेटी रिकामी."

"मग तुझ्या चुलीत तो तुकडा कसा आला?"

ऑर्फा हसली. त्या हसण्यात गंमत मुळीच नव्हती.

"शेरीफने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. तीस वर्षं माझं कोण ऐकतंय इथे? तुला एवढा पुळका आलाय तर जाऊन चूल बघ. दार उघडंच आहे, माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे?"

३

बाहेर अंगणात गार्लंड पीझने आपलं टेबल मांडलं होतं. पीझ गावातला छापखानेवाला. वसंतात सोसायटीने त्याच्याकडून नकाशाची हुबेहूब प्रत काढून घेतली होती, आणि आज तो तिची छापील चित्रं विकत होता. गर्दी मरणाची.

"तुझं तर फावलंच की रे," टेम्पी म्हणाली. "मूळ गेलं, आता प्रतीला भाव."

"हे बघ टेम्पी, सकाळी सकाळी तोंड विटाळू नकोस." पीझचे हात, मनगटं, बाह्यांच्या कडा, सगळं काळं होतं. टेम्पी बघत राहिली तसा तो चिडला. "काय बघतेस? शाई आहे. छापखानेवाल्याचे हात काय दुधात बुडवलेले असतात?"

"पाच ते सहा, ऑर्फा घरी नव्हती तेव्हा, कुठे होतास?"

"खाणावळीत. अंडी खात होतो. मालकिणीला विचार, तिने दोन जळकी दिली आणि वर मलाच शिव्या दिल्या." त्याने एक चित्र तिच्या अंगावर जवळजवळ फेकलं. "तीन महिने डोळे फोडून काढलंय हे. तो मास्तर ठार वेडा होता. माणसांना धड नाकं नाहीत आणि दारातल्या डुकरिणींच्या कानांचे केवढे लाड! एकीचा कान छाटलेला, एकीचा चिरलेला, एकीला भोक. मला आधी वाटलं, कागदाला कसर लागलीय. तरी सगळं जसंच्या तसं उतरवलं. जजसाहेबांनी बजावलं होतं, एक रेघ चुकता कामा नये."

"त्यांनाच एवढी घाई का होती?"

"सरकारचं पत्र आलं होतं ना. त्यांना वाटलं प्रतीवर भागेल. पण गेल्या आठवड्यात त्या डेलाफील्डने कळवलं, प्रत नको, मूळ कागदच पाहिजे, दिव्यासमोर धरून बघणार म्हणे. जजसाहेब केवढे तापले! माझ्या कामाचा अपमान आहे, म्हणाले." पीझला ते आठवून बरं वाटलेलं दिसलं. "आता बघ म्हणावं दिव्यासमोर. राख बघ."

टेम्पीने चित्राची गुंडाळी काखेत मारली. पीझ मागून ओरडला, "ए, फुकट नाही ते!"

"सरकारी पुरावा आहे," ती मागे न बघता म्हणाली.

४

जज ओकच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. त्यांची नात रोवेना, सात वर्षांची, पांढऱ्या फ्रॉकमधे, त्यांच्या गुडघ्याशी उभी राहून लिंबाचं सरबत पीत होती. उन्हाने पानंसुद्धा मलूल झाली होती आणि जज त्या लोकरी कोटात शिजत होते.

तीस वर्षांत मेळाव्याला जज स्ट्राउड पांढऱ्या लिननच्या सुटाशिवाय आलेले कुणी पाहिले नव्हते. पोरं त्यांना मागून 'साखरेची गोणी' म्हणत.

"आज काळा कोट, जजसाहेब? ह्या उन्हात?"

"दुःखाचा दिवस आहे, ओगलबाई. माझ्या घराण्याची ठेव जळाली. पांढरं घालून मिरवू का? एखाद्याचं माणूस जातं तेव्हा तुम्ही काय घालता?"

"तुम्ही काल रात्री आणि आज पहाटे कुठे होतात?"

जजनी रुमालाने गाल पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "तुमची नोकरी दर चार वर्षांनी कुणाच्या शिफारशीवर टिकते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणून विचारते, म्हणजे पुढच्या वेळी शिफारस करताना तुम्हाला नीट आठवेल."

"घरी होतो. झोपलो होतो. त्या बाईला इतकी वर्षं ह्या हॉलचं मीठ खाऊ घातलं आणि ती मिठाला जागली नाही. रक्त शेवटी रक्तच. ज्यांनी तापलेल्या पोराला बर्फात काढलं, त्यांच्याकडून दुसरं काय होणार? लिहा कागद. बारा वाजता मला सही करायचीय."

रोवेनाने आजोबांकडे मान वर करून विचारलं, "त्या बाईला तुरुंगात जेवायला देतात का?"

"देतात," जज म्हणाले. "तिच्या लायकीपेक्षा जास्तच देतात."

टेम्पी चालू लागली. काहीतरी चुकत होतं, आणि ते त्या कोटापाशी अडकलं होतं एवढं तिला कळत होतं. कागदावरची तारीख चुकली की तिला अशीच अस्वस्थता यायची.

५

ऑर्फाचं घर म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. टेम्पी स्वयंपाकघरात शिरली आणि मधोमध थांबली. पुन्हा एकदा वर भिंतीकडे बघितलं. मग खाली बसून मोठ्याने हसली, एकटीच.

लोखंडी चुलीला धुराची नळी नव्हती.

भिंतीतल्या धुराड्याच्या भोकावर पत्र्याची फुलं-फुलांची ताटली ठोकली होती. केल्सोतल्या प्रत्येक गरीब घरात जूनमधे हेच होतं. घर तापू नये म्हणून स्वयंपाक मागच्या शेडमधे जातो, घरातल्या चुलीची नळी काढून शेडच्या चुलीला जोडतात, आणि घरातली चूल घासून, काळं पॉलिश लावून, ऑक्टोबरातल्या पहिल्या गारठ्यापर्यंत नवरीसारखी सजवून ठेवतात. टेम्पीने मागे जाऊन पाहिलं. नळी शेडमधे होती, आणि शेडच्या चुलीवर कॉफीचं भांडं.

घरातल्या चुलीत कागद जाळला असता तर सगळी खोली धुराने भरली असती. भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. म्हणजे कागद दुसरीकडे जळला आणि एक कोपरा इथे आणून ठेवला गेला. ठेवणारा असा माणूस होता की ज्याने उन्हाळ्यात गरिबाचं स्वयंपाकघर कधी बघितलेलं नव्हतं. शेरीफही त्यातलाच, पण शेरीफला बायकोने आयुष्यात स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं, त्याचं सोडा.

तिने चुलीचं दार उघडलं. आत राखेचा कण नव्हता, पण स्वतःच्या हाताकडे बघून तिने शिवी हासडली. पॉलिश अजून कच्चं होतं. चूल एकदा तापल्याशिवाय ते पक्कं होत नाही. हात लागला की हाताला, बाही लागली की बाहीला. बोटांवर चकचकीत काळं, शिसपेन्सिलीच्या टोकासारखं. सकाळी शेरीफच्या बोटांवर तिने जे पाहिलं ते जळक्या कागदाचं नव्हतं, ह्याचंच होतं. पीझच्या बाह्यांवरची शाई मात्र मंद होती, ती अशी चमकत नव्हती.

टेम्पी उठली. कोण, हे तिला आता कळलं होतं. का, हे कळत नव्हतं. आपल्याच घराण्याला मोठं करणारा नकाशा माणूस कशाला जाळेल?

तिने पीझची गुंडाळी टेबलावर उलगडली आणि मास्तरांच्या डुकरिणींकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. मग गुंडाळी तशीच हातात धरून ती कोर्टाकडे धावत सुटली. अकरा वाजून गेले होते.

६

दप्तराच्या तळघरात खालच्या फळीवर एक वही होती. पन्नास वर्षांत तिला कुणी हात लावला नव्हता. आरंभीच्या वसाहतीत कुंपणं शेताला असत, जनावरांना नसत. डुकरं रानात मोकळी चरत, आणि कुणाचं कुठलं हे ओळखायला प्रत्येक घर आपल्या डुकरांच्या कानांना ठरलेली खूण कापत असे. ती खूण सरकारात नोंदवायची. दुसऱ्याची खूण कापणं म्हणजे चोरी, आणि त्यावरून गोळ्याही चालायच्या. मग कुंपणाचा कायदा आला, डुकरं कुंपणात गेली आणि कान विसरले गेले. जज स्ट्राउड तेव्हा लंगोटात होते. शहरातल्या विटांच्या घरात, आणि नंतर पूर्वेकडच्या शाळेत वाढले. डुक्कर त्यांना माहीत होतं ते ताटातलं.

वहीवर अक्षर ओळखीचं होतं. पिजन ब्लफच्या खुणांची नोंद ठेवणारा कारकून होता एसा लव्हलेडी. शाळा सांभाळून त्याने हेही काम केलं होतं.

टेम्पीने एक बोट वहीवर ठेवलं, एक चित्रावर. लोहाराचं घर: उजव्या कानाला भोक. दारातली डुकरीण: उजव्या कानाला भोक. गिरणीवाला: दोन्ही कान टोकाला छाटलेले. जुळलं. तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक दारात खाण्याच्या कुंडाशी एक डुकरीण, प्रत्येकीचे कान तिच्या घराचे.

अकरा घरं जुळली. दोन जुळली नाहीत.

७

बारा वाजता हॉलमधे टेबलं भरली होती. डेलाफील्ड हा किडकिडीत, चष्मेवाला माणूस रिकाम्या पेटीसमोर उभा राहून चुकचुकत होता. ऑर्फाला शेरीफने दाराशी बसवलं होतं. जजनी पेन बाहेर काढून ठेवलं होतं.

"कागद?" ते म्हणाले.

"आणलाय. नाव मोकळं ठेवलंय," टेम्पी म्हणाली, आणि टेबलावरची कोंबडीची परात सरकवून तिथे वही आणि चित्र पसरलं. "डेलाफील्डसाहेब, वाचा. कटराइट, १८३१."

डेलाफील्डने चष्मा वर केला. "उजव्या कानाचं टोक छाटलेलं, डाव्याला चीर."

"स्ट्राउड?"

"डाव्या कानाला खोल खाच. उजवा शाबूत."

"आता ज्या दारावर स्ट्राउड लिहिलंय त्या दारातली डुकरीण बघा. भाकरवालं घर."

तो वाकला. हॉलमधे चमच्यांचे आवाज थांबले.

"उजवा छाटलेला," तो सावकाश म्हणाला. "डाव्याला चीर. ही कटराइटांची आहे. आणि दार बंद करणाऱ्या घरापाशी... खाच. स्ट्राउड."

"डुकरं गावभर हिंडतात!" जज गरजले. "डुकराच्या पायावर इतिहास उभा करता?"

"हिंडतात," टेम्पी म्हणाली. "मग बाकीच्या अकरा का हिंडल्या नाहीत? तेरापैकी अकरा आपापल्या कुंडाशी, आणि नेमक्या दोघींनी घरं अदलाबदल केली? मास्तर स्वतः ह्या खुणा वहीत लिहीत होता, जजसाहेब. त्याला कानावरून घर कळायचं. डुकरिणी जागेवरच आहेत. दारावरची नावं खरवडून बदलली गेली, कान बदलायचं राहून गेलं, कारण खरवडणाऱ्याला कान वाचता येत नव्हते. नकाशा भिंतीला लागण्याआधी कुणाच्या घरी होता?"

सगळे जजकडे बघत होते.

"दिव्यासमोर धरला असता तर खरवडलेली जागा दिसली असती," डेलाफील्ड म्हणाला. "पातळ झालेला कागद उजेड सोडतो."

"म्हणून मूळ जाळायचं आणि प्रत ठेवायची. आणि जळका कोपरा अशा चुलीत टाकायचा की जिला नळीच नाही." मागच्या टेबलावरच्या चार बायकांनी एकदम श्वास ओढला; एक म्हणाली, "सप्टेंबरात? घरातल्या चुलीत? अगं बाई!" टेम्पीने आपली काळी बोटं वर धरली. "ऑर्फाच्या चुलीचं पॉलिश कच्चं आहे. हे माझे हात. हॉकर, तुझे दाखव."

शेरीफने हात बघितले आणि ते लपवावेत की दाखवावेत हे त्याला कळेना.

"पांढऱ्या सुटावर हे लागलं तर निघत नाही," टेम्पी म्हणाली. "जजसाहेब, काळा कोट नकाशाच्या सुतकासाठी घातला असं तुम्ही मला सांगितलंत. पण ऑर्फा ओरडली तेव्हा तुम्ही तो घालूनच पायऱ्या चढत होतात. नकाशा गेल्याची बातमी गावात कुणालाच नव्हती. तुमच्या घरी ती पोचली कशी?"

टेम्पी शेरीफकडे वळली.

"ह्यांच्या घरून सूट आणायचाय, हॉकर. पांढरा. उजवी बाही बघ."

"तू माझ्या घरात पाऊल टाकून तर बघ, हॉकर!" जज म्हणाले, पण शेरीफच्या पुढल्या निवडणुकीचे सगळे मतदार त्या हॉलमधे बसून त्याच्याकडे बघत होते, आणि हॉकरला एवढा हिशेब येत होता. तो टोपी घालून निघाला. तो दारापाशी पोचला तेव्हा जज खुर्चीत खाली घसरले.

"बाथटबमधे आहे," ते म्हणाले. "निघत नाही ते. साबणाने निघत नाही." मग एकदम चिडून, जणू चूक दुसऱ्याचीच होती अशा आवाजात, "तेहतीस वर्षांचा होतो मी! निवडणूक होती. आजोबांनी त्याला हाकललं होतं हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. नुसती दोन नावं होती. दोन नावांनी कुणाचं काय बिघडलं?"

दाराशी बसलेल्या ऑर्फाने हे ऐकलं. 

८

जजना घेऊन शेरीफ कोर्टाकडे गेला. त्यांची नात कुणाच्या लक्षातच आली नाही.

हॉलमधे मात्र ऑर्फाभोवती झुंबड उडाली. सकाळी जिने 'चोरटी' म्हटलं होतं तिनेच पहिली ताटली वाढून आणली. पीझ म्हणाला, नवा नकाशा फुकट छापतो, कटराइट मोठ्या अक्षरात. डेलाफील्ड पितळी पाटीबद्दल काही विचारत होता. कुणी तिचा खांदा थोपटला, कुणी "आम्हाला आधीपासूनच वाटत होतं" म्हणालं. ऑर्फा ताटलीकडे बघत बसली होती. टेम्पी शेजारी उभी होती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. आठ-दहा पोरांचा, एकसुरात. त्यांना पाच मिनिटंही लागली नव्हती.

स्ट्राउड, स्ट्राउड, दार लाव!

ऑर्फाने ताटली खाली ठेवली आणि बाहेर गेली. ओकच्या झाडापाशी रोवेना उभी होती, सरबताचा पेला हातात धरून. पोरांनी रिंगण केलं होतं. तिला काय झालंय हे अजून कळलं नव्हतं आणि ती गाणं समजून घेण्याचा प्रयत्न करत होती. ऑर्फाने पहिल्या पोराचा कान धरून पिळला. दुसरा पळाला, मग सगळेच पळाले. पोराची आई तावातावाने पुढे आली आणि ऑर्फाचं तोंड बघून परत फिरली.

रोवेनाने ऑर्फाकडे हात केला.

ऑर्फाने आपले दोन्ही हात एप्रनमधे गुंडाळून घेतले.

"मी नाही नेणार हिला," ती मागे आलेल्या टेम्पीला म्हणाली. "स्ट्राउडांच्या पोरीचा हात धरण्याइतकी मी चांगली नाही. आणि मला चांगलं व्हायचंही नाही. तू ने."

"नेते. ऑर्फा, मला तुला सांगायचं होतं..."

"काही सांगू नकोस. चौथीत आपण एका बाकावर बसायचो. नकाशा लागला त्या सोमवारी तू उठून पलीकडच्या बाकावर गेलीस, आणि तिकडून गायलीस. सूर चांगला होता तुझा." तिचा आवाज चढला नाही. "आज तू मला सोडवलंस, ते कागद खरा असावा म्हणून. माझ्यासाठी नाही. मला कळतं तेवढं. जा, पोचव पोरीला, तिची आजी घरी एकटी असेल."

ती वळली आणि हॉलमधे न जाता मागे आपल्या घराकडे गेली. आतून कडी लावल्याचा आवाज टेम्पीने ऐकला.

पोरीचा हात सरबताने चिकट झाला होता. टेम्पी तिला घेऊन भर दुपारी मुख्य रस्त्याने निघाली. दुकानांच्या दारांत लोक उभे होते.

"आम्ही काय केलं?" रोवेनाने विचारलं.

"तू काही केलं नाहीस."

"मग ते का गात होते?"

टेम्पीने दुकानांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "गायला सोपं असतं म्हणून. मीही गायचे." आणि दुकानांसमोरून जाताना तिने पोरीचा हात आणखी घट्ट धरला, सगळ्यांना दिसेल असा.